शिंगाडेबाईंचं नऊवारी विश्व

शिरूरपासनं दौंडपर्यंत कुणाचीबी नक्कल सांगा, काढून दावतो. पेंगत पेंगत घंटी मारणारा कंडक्टर, सत्काराला उभं राहिल्यावर शालीचा पोत चाचपणारा पुढारी, दौंडच्या यार्डात कण्हत मागं सरकणारं डिझेल इंजिन. कोंबडी अंडं घालायच्या आधी काय बोलती आन् अंडं उचलून नेल्यावर काय बोलती, ह्यातला फरकसुद्धा येतो. ह्या सगळ्यांनी मला टाळ्या दिल्या, नारळ दिले, एका ठिकाणी स्टीलचा डबा दिला. एकच नक्कल अंगाशी आली. तीबी बिघडली म्हणून न्हाई, लई चांगली झाली म्हणून. ती शिंगाडेबाईंची.

मंगल शिंगाडे. दौंडच्या रेल्वे कॉलनीत क्वार्टर, नवरा मालगाडीवर गार्ड, माहेर केंदूरचं, आन् धंदा विम्याचा. विमा एजंट दिसला की आपल्याकडं लोकं पोराला पुढं करून सांगतात, पप्पा घरी न्हाईत म्हण. ह्या बाईंना मात्र लोकं जीप पाठवून बोलवायचे. विम्यासाठी न्हाई, विश्वाचा इतिहास ऐकायला. बचत गट बोलवायचे, भजनी मंडळ बोलवायचं, गणपती मंडळं बोलवायची, एकदा तर तालमीतले पैलवान लंगोटावर मातीत मांडी घालून बसले होते. सूर्य कवा पेटला, पृथ्वी कशी गोळा झाली, समुद्रात पयलं काय वळवळलं, हे ऐकायला बाया भाकरी लवकर थापून यायच्या. मी उभ्या जन्मात कुणावर एवढा जळलो न्हाई.

तुम्ही म्हणाल, त्यात तुझं काय गेलं? तर ऐका. मी शिरूरच्या शाळेत शिकलो म्हंजी शाळेत बसायचो. गणित आलं न्हाई, इंग्रजीनं मला आन् मी इंग्रजीला कधी ओळख दाखवली न्हाई. नववीत असताना हेडमास्तरांच्या आवाजात दाराआडनं वर्गाला सुट्टी देऊन टाकली आन् सगळा वर्ग दप्तरं घेऊन निघून गेला. तवा कळलं की आपल्याकडं कायतरी हाय. दुसरं काय न्हवतं, हे पण तवाच कळलं. थोरल्या भावानं शेत सांभाळलं, मधला शिक्रापूरला कंपनीत लागला, आन् घरात पाव्हणं आलं की आई माझ्याकडं बोट करून सांगायची, हा लोकांना हसवतो. एवढीच काय ती माझी जागा. तालुक्यात कुठंबी चार बाया नाहीतर चार पोरं जमली की कार्यक्रम एकच, संज्याच्या नकला. त्या जागेवर ही बाई येऊन बसली, तीबी खाली जमिनीवर, मांडी घालून.

पयल्यांदा बघितली ती आमच्याच आळीतल्या हळदीकुंकवाला. आळीतल्या बचत गटाच्या अध्यक्ष कमलकाकू. त्यांनी मला देवळाच्या मंडपात गाठून सांगितलं की आज तू अर्धाच तास कर, नंतर दौंडच्या बाई येणार हायत. त्या काय करतात विचारलं, तर विश्वाचा इतिहास सांगतात म्हणाल्या. मी मनातल्या मनात बाईंसाठी हळहळलो. वाण लुटायला आलेल्या बाया. त्यांच्यापुढं शाळेतल्या सरांचा इतिहास टिकला न्हाई, विश्वाचा काय टिकतोय.

माझा अर्धा तास जोरात झाला. कोंबडीला तर दोनदा मागणी आली. मग शिंगाडेबाई उठल्या. ठेंगण्या, पन्नाशीच्या, अंबाड्याला अबोलीचा गजरा, खांद्याला विम्याची काळी रेक्झिनची बॅग. खुर्ची दिली, नको म्हणाल्या, खाली जमिनीवर मांडी घातली. मी माझा माइक पुढं केला, तोबी नको. म्हणाल्या, "माइकनं लोकांना ऐकू येतं. पण लोकं ऐकत न्हाईत." माझ्या हातातला माइक एकदम जड झाला. त्यांनी तोंडात एक लवंग टाकली आन् एक लुगडं मागितलं. नऊवारी पायजे, आन् नेसलेलं पायजे, कोरं चालत न्हाई. कमलकाकूंच्या सासूबाईंचं हिरवं लुगडं बाहेर दोरीवर वाळत होतं, ते आणलं. बायांनी ओळीनं उभं राहून ते मंडपाच्या ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत ताणून धरलं.

मग त्यांनी सांगितलं की हूं द्यायचं. आमच्याकडं रानात मेंढरांच्या वाड्यावर म्हातारी माणसं गोष्ट सांगायची, तवा ऐकणाऱ्यानं प्रत्येक वाक्याला हूं म्हणायचं, अशी रीत. हूं बंद झालं म्हंजी ऐकणारा झोपला, मग सांगणारा गप. बाई म्हणाल्या, "तुमचं हूं थांबलं की माझं विश्व थांबलं. मग मला बोल लावायचा न्हाई."

आन् सुरू केलं. एका टोकाला स्वतःची मूठ धरली. ह्या मुठीत सगळं होतं. हे लुगडं, हा मंडप, मी, तुम्ही, सूर्य, सगळं, मोहरीपेक्षा लहान जागेत. त्याच्या आधी काय होतं ते विचारू नका, मला माहीत न्हाई आन् कुणालाच माहीत न्हाई. हूं. मग मूठ उघडली, उठल्या आन् त्या लुगड्याच्या कडेनं चालाय लागल्या. नुसती वाफ. हूं. अंधार. हूं. मग वाफेच्या गुठळ्या झाल्या, त्या आपल्याच वजनानं आत आत दबल्या, तापल्या, पेटल्या, ते तारे. हूं. चालत चालत सहा वार संपले तरी पृथ्वीचा पत्ता न्हाई. बाया एकमेकींकडं बघाय लागल्या. सव्वासहा वारांवर कुठं पृथ्वी गोळा झाली, तापलेल्या तव्यासारखी. पुढच्या वारभरात पाणी आलं, पाण्यात कायतरी वळवळलं. मग लई वेळ नुसती वळवळच. मोठाले डायनासोर आले आन् गेले, ते सगळं पदराच्या काठाजवळ. आन् शेवटी बाईंनी पदराच्या दशीतलं एक सूत चिमटीत धरलं. आपली सगळी माणसाची जात, राजे, कुळं, भांडणं, इंग्रज, सगळं त्या एका सुताच्या जाडीत.

कमलकाकूंच्या सासूबाईंनी आपल्या लुगड्याकडं खालपासनं वरपर्यंत बघितलं. म्हणाल्या, "म्हंजी मी एवढं सगळं नेसून हिंडत होते व्हय."

मी असतो तर ह्या वाक्यावर टाळी घेतली असती. तिथं कुणी हसलं न्हाई. एक जणीनं डोळं पुसलं. मंडपात माझी कोंबडी कुणाच्या ध्यानातसुद्धा न्हवती. जाताना बाया माझ्याशेजारनं गेल्या त्या लोखंडाचं बोलत. आपल्या रक्तातलं लोखंड म्हणं मेलेल्या ताऱ्याचं. कमलकाकू मला म्हणाल्या, "संज्या, तूबी चांगलं करतो हां." त्यातल्या 'बी'नं माझा वर्षभर पिच्छा पुरवला.

बाई साधी होती, निगर्वी होती, असं कुणाला वाटत असंल तर डोक्यातनं काढून टाका. कार्यक्रम झाला की प्रत्येकाला धरून विचारायच्या, कसं झालं? चांगलं झालं म्हणलं की पुढं विचारायच्या, चांगलं म्हंजी काय चांगलं? जरा कुणी खोट काढली की ऐकू न आल्यासारखं करून गजरा नीट करायच्या. शेजाऱ्याच्या हातातल्या शेंगा न विचारता खायच्या. विनोद सांगाय बसल्या की आधी स्वतः हसायच्या, मग शेवट आधी सांगायच्या, मग म्हणायच्या, थांबा थांबा, ह्याच्या आधी एक राहिलं. कुणी घाई केली की ठरलेलं वाक्य, "विश्वालाबी वेळ लागला, तुला काय झालंय." आन् कुणी बढाई मारली की दुसरं ठरलेलं वाक्य, "तुझ्यात नवं काय न्हाई. सगळा माल जुना हाय." हे त्या सरपंचाला म्हणायच्या, नवरीला म्हणायच्या, बाळंतिणीच्या मांडीवरल्या पोराला पण म्हणायच्या. त्यांचा अर्थ असा की अंगातला कण न् कण ताऱ्यांच्या वेळचा हाय. पण मी एकदा नवीन नक्कल बसवली, उत्साहानं त्यांना दावली, आन् त्या लवंग चघळत मला तेच म्हणाल्या. दुसऱ्याच्या आवाजावर जगणाऱ्या माणसाला हे ऐकून कसं वाटतं, ते तुम्हाला न्हाई कळायचं.

केंदूरला तर कहर झाला. तिथल्या बचत गटात बाईंनी विश्व सांगितलं, लुगडं होतं सखूबाईंचं. आन् आठच दिवसांत सखूबाईंचं पोरगं शिक्रापूरच्या कंपनीत परमनंट झालं. लोकांनी दोनाला दोन जोडून पाच केले. सखूबाईंनी ते लुगडं धुतलं, घडी घातली, हळदकुंकू वाहून देव्हाऱ्यात ठेवलं. मग कुणाची सून दोन जिवांची न्हवती, कुणाच्या बोअरला पाणी न्हवतं, त्यांनी नवस बोलला की काम झालं तर विश्वाचं लुगडं धरीन. बाईंना एका महिन्यात इतकी बोलावणी आली की मला वर्षात येत न्हाईत. जेवणावळी घालाय लागले. एका ठिकाणी गोष्ट संपल्यावर शिरा वाटला आन् विचारलं की आरती कुठली म्हणायची.

मला वाटलं, बाई आता फुलून जाणार. त्यांना आवडतंच की मोठेपण. तर त्या फणकारत केंदूरला गेल्या. मी त्या दोन दिवसांत तिथंच नकलांना मुक्कामी होतो म्हणून सगळं डोळ्यांनी बघितलं. त्या सखूबाईंना म्हणाल्या की हे लुगडं नेस आन् उद्या कांदं खुरपाय जा. सखूबाई रडायला लागल्या. पोराची नोकरी गेली तर काय करू म्हणाल्या. बाई म्हणाल्या, "सखू, अगं त्या लुगड्यात हाय ते तुझ्या खुरप्यात पण हाय आन् कांद्यात पण हाय. कशाकशाला देव्हाऱ्यात ठेवशील?" सखूबाईंना पटलं न्हाई. तवा शिंगाडेबाई मुक्कामाला राहिल्या, सकाळी पदर खोचून तिच्याबरोबर वाफ्यात बसल्या आन् दुपारपर्यंत कांदं खुरपलं, का तर कोप झाला तर दोघींवर होऊ दे. लुगड्याचा चिखल झाला. पोराची नोकरी काय गेली न्हाई. खरं सांगतो, जावी असं मला वाटत होतं. माझ्या नकलांचा नवस आजपर्यंत कुणी बोललेलं न्हाई.

परतीच्या यष्टीत त्या माझ्याशेजारी बसल्या, माझ्या शेंगा संपवल्या आन् बोलता बोलता एक सांगितलं. लहानपणी केंदूरला मोठ्या घरांत भाट यायचे. वंशावळ वाचायचे, चौदा चौदा पिढ्यांची नावं. ही मेंढक्याची पोर दाराबाहेर उभी राहून ऐकायची. एकदा तिच्या बापानं भाटाला विचारलं, आमचीबी सांगा की. भाट म्हणाला, तुमचं काय लिहिलेलं न्हाई, तुम्ही हिंडती माणसं. बाप हसला आन् मेंढरं घेऊन रानात गेला. पोर घरी बसून राहिली. पुढं पुण्यात बीएस्सीला गेली, तिथं कुठल्या तरी पुस्तकात हे सगळं वाचलं.

"मग मी म्हणलं, आपणच जावं मागं. जितकं जाता येईल तितकं," बाई म्हणाल्या. "इतकी मागं गेले संजू, की ती मोठी घरंबी त्यात आली आन् तो भाटबी आला."

खिडकीतनं वारं येत होतं आन् त्या सालपटं झटकत होत्या. मला त्या वेळी काय वाटायला पायजे होतं? कौतुक. मला वाटलं, असा एक बाप, असा एक भाट माझ्या नशिबात असता तर मीबी कुठल्या कुठं गेलो असतो.

त्यांच्या त्या आकड्यावर मी डोळा ठेवून होतो. बाई सगळीकडं सांगायच्या, विश्वाला पंधरा अब्ज वर्षं झाली. मग एका वर्षी अचानक पावणेचौदा म्हणाय लागल्या. केंदूरच्या भजनी मंडळात मी मागं बसलो होतो आन् मनात म्हणलं, सापडली. मी बोलायच्या आतच मृदंगावरचे आबा बोलले. आबा म्हंजी बाईंच्या वडलांचे मैतर, ऐंशीच्या घरातले.

"मंगल, मागल्या टायमाला पंधरा म्हणली होतीस. सव्वा अब्ज वर्षं गेली कुठं?"

आता बाई गजरा नीट करणार, ऐकू न आल्यासारखं करणार, ह्याची मी वाट बघत होतो. पण त्या सरळ म्हणाल्या की आबा, तवाचं माप कच्चं होतं, आता शास्त्रज्ञांनी नीट मोजलं. उद्या आणखी नीट मोजलं तर परत बदलीन आन् परत येऊन सांगीन. स्वतःवर आलं की ऐकू न येणारी बाई, विश्वावर आलं की लगेच कबूल.

आबांनी मृदंगावर पंजा ठेवला. मग म्हणाले, "चुकले म्हणणारी पोथी पयल्यांदा बघितली बाबा. सांग पुढं." आन् सगळ्या मंडळानं एकदम हूं दिलं. मी सापळा लावला होता आन् त्यात बाईंना हार मिळाला.

तवा मी ठरवलं. आता हिची नक्कल.

मी तयारीला लागलो. चाल घेतली, डाव्या पायावर जरा जास्त भार. लवंगेमुळं गाल एका बाजूला फुगतो तो घेतला. 'हूं द्या' म्हणताना हनुवटी वर जाती ती घेतली. गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की तीबी बरीचशी तोंडात बसली होती. आईसमोर केलं तर आई पोट धरून हसली. मधल्या भावानं सांगितलं की ह्याच्यापुढं तुझ्या कोंबडीनं अंडी घालायचं सोडून द्यावं.

मोका मिळाला दौंडला. रेल्वे कॉलनीतल्या आन् आजूबाजूच्या गावांतल्या सगळ्या बचत गटांचा मेळावा, दुपारी, हॉलमध्ये. पूर्वी ह्या मेळाव्याचा शेवटचा कार्यक्रम माझा असायचा. त्या वर्षी शेवटाला शिंगाडेबाई होत्या आन् मला सांगितलं होतं की बाया जमेपर्यंत तू कर. बाया जमेपर्यंत. म्हंजी मी मंडपवाल्यासारखा, सतरंजी अंथरायला. त्यात बाई माहेराहून, केंदूरहून यायच्या होत्या आन् त्यांची गाडी रखडली. संयोजक म्हणाले, जरा लांबव. मी म्हणलं, देवानंच दार उघडलं.

गजरा सकाळीच आणून ठेवला होता. तो केसात अडकवला, कुणाची तरी पिशवी खांद्याला लावली, माइक बाजूला ठेवला आन् डाव्या पायावर भार टाकत पुढं आलो. नुसत्या चालण्याला हॉल फुटला. गाल फुगवला, परत हशा. मांडी घातली. शेजारच्या बाईच्या शेंगा उचलून खाल्ल्या, तवा तर मागच्या बाया उठून उभ्या राहून बघाय लागल्या. मी म्हणलं जिंकलो. हनुवटी वर करून, त्यांच्याच आवाजात, म्हणलं, "हूं द्या. हूं न्हाई तर विश्व न्हाई."

आन् बायांनी हूं दिलं.

आता ह्या जागी मला हशा पायजे होता. मी परत म्हणलं, ह्या मुठीत सगळं होतं. हूं. मोहरीपेक्षा लहान जागेत. हूं. पयल्या दोन वाक्यांना मागं कुणीतरी खुदखुदत होतं, तेबी थांबलं. शेदीडशे बाया, मांडीवरची पोरं, सगळी माझ्याकडं बघत होती, पण माझ्याकडं न्हाई, माझ्या मुठीकडं. मी मध्येच कोंबडी घातली, म्हणलं ही डायनासोरची नात. बायांनी माफक हसल्यासारखं केलं आन् एक जण म्हणाली, "ते नंतर. वाफेचं काय झालं ते सांगा." ती मला 'सांगा' म्हणली. मला आजवर कुणी अहोजाहो केलं न्हवतं.

मी सांगत राहिलो. दुसरं करणार काय? वाफेच्या गुठळ्या झाल्या, दबल्या, तापल्या, पेटल्या. तारे झाले. हूं. आन् तारे झाले. हूं. आन् मग... मग पुढचं मला येईना. चाल येत होती, लवंग येत होती, आवाज येत होता. ताऱ्याच्या पोटातनं लोखंड बाहेर कसं येतं ते मी कधी ऐकलंच न्हवतं. त्या वेळी मी बाईंच्या हनुवटीकडं बघत असायचो. हॉलमध्ये हूं देऊन बाया थांबल्या होत्या. एवढी शांतता मी स्टेजवर कधी ऐकली न्हवती, आन् तिच्यात घालायला माझ्याकडं काय न्हवतं.

दारातनं एक हूं आलं.

शिंगाडेबाई. चपला हातात, बॅग खांद्याला, घामाघूम. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. मला वाटलं आता पुढं येतील, गजरा उपटतील. त्या तिथंच दाराशी खाली बसल्या आन् मला बघत परत म्हणाल्या, हूं. मी म्हणलं, तारे म्हातारे झाले. हूं. मग... मेले. हूं. मग त्यांनी नुसती मूठ आवळली आन् फाडकन उघडली, तवा मला आठवलं. फुटले, म्हणलं. पोटात होतं नव्हतं ते सगळं आभाळभर उधळलं, लोखंड, चुना, सगळं. हूं. असं त्या हूं देत गेल्या आन् मी कसाबसा, डायनासोर आन् माणूस एकाच बाजाराला पाठवत, शेवटाला पोचलो. बायांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या माझ्या का बाईंच्या, हे मी अजून ठरवू शकलो न्हाई.

आन् मग बाई उठून पुढं आल्या. म्हणाल्या, चांगलं सांगितलं पोरानं, पण तारे मरायच्या जागी घाई केली आन् डायनासोर लई उशिरापर्यंत जगवले. आता मी सांगते. आन् सगळं परत पयल्यापासनं सांगितलं. मुठीपासनं. एक वाक्य सोडलं न्हाई. दुसऱ्यानं सांगितलेलं विश्व बाईंना सोसवलं न्हाई.

नंतर हॉलमागं चहा घेताना त्या माझ्याजवळ आल्या. मी बोलणी खायला तयारच होतो. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आन् हळू आवाजात विचारलं, "मी यायच्या आधी हसल्या का रं बाया?"

मी म्हणलं, हसल्या.

"लई?"

"लई."

"कुठल्या जागेला?"

मी सांगितलं. चालीला, गालाला, शेंगांना. बाई एकेक जागा ध्यानात ठेवल्यासारखं ऐकत होत्या. बशीतला चहा निवला. मग म्हणाल्या, "माझ्या गोष्टीला कवा कुणी हसत न्हाई रं. रडतात, गप बसतात. मला वाटतं एकदा तरी हसावं. तुला कसं जमतं?"

इतकी वर्षं मी जिच्यावर जळत होतो ती माझ्यावर जळत होती. दुसऱ्या कुणाचा जीव निवला असता. माझा न्हाई. मला वाटलं, हे पण हिनंच आधी बोलून दाखवलं. मी बोललो असतो तर मोठा झालो असतो.

मी त्यांना काय शिकवलं न्हाई. त्यांनीबी परत विचारलं न्हाई. शिंगाडेमामा रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, ते दोघं केंदूरला राहाय गेले, आन् आमच्या गाठी कमी झाल्या. मला ऑर्केस्ट्रावाल्यांबरोबर कामं मिळाय लागली. दोन गाण्यांच्या मध्ये बायका कपडे बदलेपर्यंत नकला.

शेवटचं बघितलं ते शिक्रापूरला. आमची जीप रांजणगावला निघाली होती, संध्याकाळचा कार्यक्रम. चौकात ट्रकांची रांग लागली, गाडी हलंना, म्हणून मी खाली उतरून जरा आत गेलो. तिथं कामगारांच्या भाड्याच्या खोल्या, एकाला एक लागून, मध्ये फरशीचं अंगण, दोऱ्यांवर कपडे. सुट्टीचा दिवस असावा. बिहारची, ओरिसाची, लातूर-नांदेडची पोरं अंगणात बसलेली, कोपऱ्यात दोनतीन बाया भाजी निवडत. आन् मध्ये शिंगाडेबाई. केस सगळे पांढरे, आवाज बारीक झालेला. ट्रकचा हॉर्न वाजला की एक हात वर करायच्या, ट्रक जाईपर्यंत तसाच धरायच्या, मग पुढं.

आन् हिंदीतनं सांगत होत्या. ती हिंदी काय सांगू तुम्हाला. "पयले कुछ भी नव्हता. फिर एकदम हुवा." पोरं फिदीफिदी हसत होती. "सूरज हुवा, उसका उरलासुरला पृथ्वी हुवा." परत हशा. बाई जरा थांबायच्या, हसणं पुरतं होऊ द्यायच्या, मग पुढचं वाक्य टाकायच्या. ती थांबायची जागा बरोबर होती. एक क्षण इकडं न्हाई, तिकडं न्हाई. ते मला जमाय दहा वर्षं लागली होती. मग त्यांनी एकेकाला गावाचं नाव विचारलं. पोरांनी सांगितली, छपरा, बालासोर, उदगीर. बाई म्हणाल्या, "ये सब नया पत्ता हाय. पुराना पत्ता सबका एकच." तवा कुणी हसलं न्हाई. आन् ज्याला त्याला कळलं की इथं हसायचं न्हाई.

मी खोलीच्या भिंतीशी उभा होतो. त्यांनी माझ्याकडं बघितलं. ओळखलं का न्हाई, मला सांगता येणार न्हाई. बोलणं न थांबवता त्यांनी हातानं खाली बस अशी खूण केली, उशिरा आलेल्या कुणालाबी करतात तशी. चौकातनं आमच्या ड्रायव्हरचा हॉर्न आला, एकदा, मग लांबलचक. बाईंनी हात वर केला आन् थांबल्या. सगळी पोरं मान वळवून माझ्याकडं बघाय लागली.

मी चपला काढल्या. कडंला बसलेल्या एका पोरानं जरा सरकून जागा केली.